पायाळूचा घोटा

एका लाथेनं असं काय बिघडणार आहे, असं सुयशला वाटलं. तेवढं वाटायला नको होतं.

सुयश पायाळू होता. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले होते (डोकं नंतरही कधी फारसं पुढं आलं नाही, असं त्याची आई म्हणायची). पायाळू माणसानं कमरेत लाथ घातली की उसण जाते, ही छावणी भागातल्या त्यांच्या गल्लीची पक्की खात्री. त्यामुळं सुयशचं बालपण शेजाऱ्यांना लाथा घालण्यात गेलं. शाळेला निघालं की उंबऱ्याबाहेर कुणीतरी पाठमोरं उभं असायचंच. लाथ घालायची, गोळीबिस्कीट घ्यायचं आणि पुढं निघायचं. तो शिकायला स्कॉटलंडला गेला तेव्हा गल्लीतल्या कमरा पोरक्या झाल्या.

तिकडून तो सार्वजनिक आरोग्याची पदवी आणि पेटलेलं मन घेऊन परतला. आल्या आल्या त्यानं लाथ बंद केली. आता फक्त विज्ञान! सोमवारपासून त्याच्या संस्थेची आरोग्य पदयात्रा वैजापूरकडच्या गावांमधून निघणार होती. सुयशचा विषय होता, ‘दवाखान्यात कधी जायचं?’ या यात्रेसाठी त्यानं परदेशातली नोकरी नाकारली होती, आणि तमाम नातेवाइकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. त्याचा सगळा जीव त्या सोमवारात अडकला होता.

आणि गुरुवारी सकाळी शेजारचे चांदपाशा चाचा उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. पाठमोरे.

गुलमंडी बाजारातल्या दुकानात कापडाची ठाणं उचलून उचलून चाचांची कंबर धरली होती.

“मार बेटा,” चाचा रस्त्याकडं बघत म्हणाले.

“चाचा, मी नाही मारत आता. तुम्ही हाडाच्या डॉक्टरला दाखवा.”

“दाखवतो ना. पहले तू मार.”

“ही अंधश्रद्धा आहे, चाचा.”

“असू दे की. तू लात मार, मी डॉक्टरकडं जातो. जबान दिली.”

सुयश विचारात पडला. एक लाथ, आणि बदल्यात एक माणूस दवाखान्यात! समाज असाच बदलतो, थोडं आपण सरकायचं, थोडं लोकांनी. भरल्या मनानं त्यानं पाय उचलला, आणि बऱ्याच वर्षांची कसर भरून काढत लाथ घातली.

चाचांनी सदऱ्याच्या आत कमरेचा नवा पट्टा बांधला होता. पोलादी पट्ट्यांचा.

खण्णकन आवाज झाला. चाचा दोन पावलं पुढं गेले आणि ताठ झाले. सुयश उंबऱ्यावर कोसळला. त्याचा घोटा आत वळून अंगाखाली गेला.

“गई!” चाचा आनंदानं ओरडले. “अल्ला कसम, उसण गई!”

“चाचा... पाय...”

“तुझ्या पायाला सलाम, बेटा!” लाथ बसल्यावर मागं वळून बघायचं नाही, अशी रीत आहे. चाचांनी ती पाळली. ते तसेच ताठ मानेनं गुलमंडीला निघून गेले.

आई शाळेत शिकवायला निघाली होती. पोरगा उंबऱ्यावर आडवा बघून तिनं पर्स ठेवली. घोटा वांग्यासारखा फुगत चालला होता.

“चल, फोटो काढून घेऊ.”

“आई, प्रत्येक मुरगळलेल्या पायाला एक्स-रे लागत नाही. बर्फ, आराम आणि बांधलेली पट्टी. बास.”

“आणि हाड मोडलं असंल तर?”

“त्याच्या खुणा असतात. त्याच तर सांगणार आहे मी गावागावात.”

खुणा त्याला तोंडपाठ होत्या. चार पावलंही टाकता आली नाहीत, घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ आली, पाय बधिर झाला किंवा वाकडा दिसला, तर घरी बसायचं नाही. पण दवाखान्यात गेलं की ‘कसं लागलं?’ असं विचारतात. स्कॉटलंडचा पदवीधर लाथ घालताना पडला, ही बातमी सोमवारच्या आत वैजापूरला पोचली असती. आणि प्लॅस्टर घातलं असतं तर सोमवारच उरला नसता.

म्हणून त्यानं स्वतःची तपासणी स्वतःच केली. आधी चार पावलं. भिंतीला धरून टाकलेली पावलं धरायची का? त्यानं धरायचं ठरवलं. लंगडीचीही? तीही धरली. चौथं पाऊल पलंगावर पडलं, पण पडलं तर खरं. मग हाडावर दाबणं. फोनच्या काचेवर टेकवावं तसं त्यानं बोट टेकवलं आणि जाहीर केलं, “दुखत नाही.”

“बघू,” म्हणत आतून आलेल्या त्याच्या पारूआजीनं अंगठा लावला.

ती किंकाळी ऐकून समोरचे सर्जेराव आबा धावत आले. आबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लांबूनच घोटा पाहिला.

“मुका मार हाये. फोटोबिटो काय करायचाय? आंबेहळद लाव, चार दिवसांत पळशील. त्या डॉक्टरांना काय, दिसला पाय की घाल पलस्तर.”

भारतात परतल्यापासून गल्लीतल्या एकाही माणसाला सुयशनं आपलं म्हणणं पटवलं नव्हतं, आणि आज पहिला माणूस मनापासून त्याच्या बाजूनं उभा होता. तोही असल्या बाजूनं!

“आबा, तसं नाही, काही वेळा डॉक्टर लागतोच...” तो कण्हत म्हणाला.

“मग जा ना!” आई म्हणाली.

“माझी ती वेळ नाही.”

आईनं कपाळावर हात मारला. “तुला एवढ्या लांब शिकायला पाठवलं ते ह्याच्यासाठी? इथं राहिला असता तरी एवढा येडा झाला असता की रे!”

शुक्रवारी घोटा काळानिळा झाला. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली, कारण चाचांनी गुलमंडीत सांगून ठेवलं होतं, की पोरानं लाथ परत चालू केली. निम्मे लोक पाय बघायला येत आणि निम्मे कंबर घेऊन. “दुसरा पाय तर चांगलाय ना?” असं एका मावशीनं इतक्या आशेनं विचारलं, की सुयशनं भिंतीकडं तोंड केलं. सगळ्या जगासमोर ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाबांनो, असल्या पायाला दवाखान्यात न्या! पण त्या पायाचा मालक तोच होता, आणि मालक ऐकत नव्हता.

शनिवारी त्यानं बूट चढवले. डोळ्यांतून पाणी आलं, पण लेस बांधली. कोपऱ्यापर्यंत चाललो, तर सोमवारी गावापर्यंतही चालू, असा त्याचा हिशोब. कोपरा दिसला, आणि तिथंच पायातून अशी कळ गेली, की तो विजेच्या खांबाला मिठी मारून रडायला लागला.

दुकानाला निघालेल्या चाचांनी त्याला पाहिलं. काही न विचारता खांद्यावर घेतलं आणि रिक्षात टाकलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला.

“मोडलंय. त्याच दिवशी आला असतात तर थोडक्यात भागलं असतं. त्यावर चाललात, म्हणून जरा सरकलंय. आणखी चालला असतात तर ऑपरेशनच. आता पाय टेकवायचा नाही. पार दिवाळीपर्यंत. कसं लागलं?”

“जिन्यावरून...” सुयश पुटपुटला.

“नाही डॉक्टरसाब,” चाचा अभिमानानं म्हणाले, “माझ्या कमरेत लात मारताना. पायाळू आहे ना तो.”

बाईंनी सुयशच्या कागदावर शिक्षणाची नोंद वाचली, मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

“आता माझीबी कंबर बघा,” चाचा म्हणाले. “मी ह्याला जबान दिलीय.”

बाईंनी कंबर तपासली, व्यायाम लिहून दिला आणि सांगितलं, “काही घाबरण्यासारखं नाही. बसून राहू नका. रोज भरपूर चाला.”

सोमवारी पदयात्रा निघाली. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून सुयश पलंगावर पडला होता. त्यानं सगळ्यांशी बोलणं सोडलं. आजी भाकरी ठेवून जायची, तो छताकडं बघत राहायचा. एवढं शिकून, सगळं सोडून यायचं, आणि ज्या गोष्टीसाठी आलो तीच नेमकी स्वतः करायची नाही. या देशाचं काय होणार, असं तो पूर्वी विचारायचा. आता माझं काय होणार, एवढंच उरलं होतं.

आठवड्यानं मेघाचा फोन आला. यात्रेची सगळी जबाबदारी तिच्यावर होती.

“सुयश, तुझ्या विषयाची काळजी करू नको. माणूस मिळालाय. एवढी गर्दी कधी झाली नव्हती आपल्याकडं.”

सुयशनं विचारलं, “कोण? डॉक्टर आहे?”

“चांदपाशा चाचा. रविवारी तुला बघायला आले होते ना मी, तेव्हा भेटले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे, म्हणून दुकानातून सुट्टी घेऊन निघाले आमच्यासोबत.”

“चाचा? त्यांना काय येतं आरोग्यातलं?”

“काहीच नाही. ते फक्त तुझं सांगतात. चार पावलं टाकता येईनात तरी पोरगा गेला नाही, हाडाला हात लावल्यावर बोंबलला तरी गेला नाही. लोक हसून हसून पडतात रे! आणि सगळं लक्षात ठेवतात. काल एक माणूस पाय मुरगळल्या मुरगळल्या दवाखान्यात गेला. म्हणाला, मला त्या सुयशसारखं व्हायचं नाही.”

सुयश पलंगावर उठून बसला. लोक दवाखान्यात जात होते! त्याच्यासाठीच तर तो आला होता.

“मेघा,” तो म्हणाला, “मी येऊ? जीपमध्ये बसून येईन. पाय टेकवणार नाही.”

“तेच विचारायला फोन केला. लोकांना खरं वाटत नाही, एवढा शिकलेला माणूस असा असू शकतो म्हणून. तुला समोर बसवलं की खात्री पटेल.”

“येतो. भाषण तयारच आहे माझं.”

मेघा जरा घुटमळली.

“नको. तू नुसता बस. तू बोलायला लागलास तर लोकांना वाटेल, पोरगा तर शहाणा आहे.”