वॉरंटी संपेपर्यंत

मुलुंड पूर्वेच्या शुभंकर सोसायटीचं सेक्रेटरीपद श्यामकांत साठ्यांनी फक्त वर्षभरासाठी म्हणून घेतलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. दर वार्षिक सभेत ते राजीनामा देत आणि सभा टाळ्या वाजवून तो नामंजूर करी. टाळ्या ऐकून साठे थोडे सुखावत, पण घरी येऊन बायकोचा, वसुधाताईंचा, चेहरा पाहिला की ते सुख जागच्या जागी विरून जाई. लेक गंधाली नाशिकला होती. नातीला सांभाळायला दोघांनी वर्षभर राहायला या, म्हणून ती मागे लागली होती. वसुधाताईंची बॅग केव्हापासून पलंगाखाली अर्धी भरून पडली होती. साठ्यांनाही खरोखरच जायचं होतं. टँकर, लिफ्ट आणि पार्किंगची भांडणं यांचा त्यांना मनापासून वीट आला होता.

यंदा मात्र नशीब उघडलं. चौथ्या मजल्यावरचा हर्षद सेक्रेटरी व्हायला तयार झाला. अट त्याने एकच घातली.

"काका, ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरचं काहीतरी करा. परवा मेन्टेनन्सचं एक बिल उघडायला घेतलं. माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी ते आपलं गोल गोल फिरतंच होतं."

नवा कॉम्प्युटर म्हणजे खरेदी, खरेदी म्हणजे सभेची मंजुरी आणि मंजुरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे विद्याधर कर्णिक. कर्णिकांनी जन्मभर ऑडिट खात्यात नोकरी केली होती आणि निवृत्त होताना ते खातं बहुधा घरी घेऊन आले होते. काहीही करायचं तर तीन कोटेशनं मागवायची आणि त्यांतलं सर्वांत स्वस्त घ्यायचं, हा ठराव त्यांचाच. साठ्यांनी त्यातूनही एक पळवाट काढली होती. खरेदीला मंजुरी लागते, दुरुस्तीला लागत नाही. त्यामुळे स्क्रीन, कीबोर्ड, डबा, आतला बोर्ड असं एकेक करत त्यांनी अख्खा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाखाली बदलून घेतला होता. कागदोपत्री तो अजून जुनाच होता.

आता प्रोसेसर तेवढा बदलला की यंत्र पळायला लागेल, असं त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, एवढं साठ्यांना ठाऊक होतं. ऑनलाइन सेल चालू होता, कोटेशनं मागवत बसलं तर तो संपला असता. साठ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धाडस केलं. चांगल्यातला प्रोसेसर मागवला, उत्साहाने पाकीट फोडलं आणि स्टेशन रोडवरच्या दुरुस्तीवाल्या राजेशला बोलावून घेतलं.

राजेशने डबा उघडला, आत टॉर्च मारला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन-तीनदा टोचून पाहिलं.

"काका, हा निघत नाही," शेवटी तो म्हणाला.

"घट्ट बसलाय का?"

"बसलाय कुठे, सोल्डर केलाय. फॅक्टरीतूनच बोर्डला चिकटून येतो. काढायला गेलो तर बोर्डची पण वाट लागेल. हल्ली स्वस्तातल्या मालाचं असंच असतं काका. चालतोय तोवर चालवायचा, मग पूर्ण टाकून द्यायचा."

"मग असला बोर्ड घातलास कशाला रे?"

"मी तीन दाखवलेले ना. कर्णिक काकांनी सगळ्यात स्वस्तवाला घ्यायला लावला."

हे खरं होतं. फोडलेलं पाकीट विकणारा परत घेईना. प्रोसेसर टेबलावर राहिला आणि त्याचं बिल फाइलीत गेलं. फाइल कर्णिक पोथीसारखी रोज वाचत.

"प्रोसेसर आणल्याचं दिसतंय," दुसऱ्याच दिवशी ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "बसवल्याचं दिसत नाही."

मग विशेष सभा बोलवावी लागली. प्रोसेसर विकून टाकावा, असं कोणी म्हणालं. तिसऱ्या मजल्यावरच्या शीतलबेननी तो लिफ्टमध्ये बसतो का, तिचाही मेंदू बिघडलेलाच आहे, असं विचारलं. साठे मान खाली घालून सगळं लिहून घेत होते. अखेर असं ठरलं की प्रोसेसर आलाच आहे, तर तो ज्यात बसेल असा कॉम्प्युटर त्याच्याभोवती घ्यावा. कर्णिकांनी मंजुरी दिली, फक्त तीन कोटेशनांची आठवण केली.

तीन कोटेशनं आली. पहिल्या दोन दुकानदारांनी मोठा डबा सुचवला, त्यात प्रोसेसर काढता-घालता येत होता. तिसऱ्याने पोळ्यांच्या डब्याएवढं एक पेटीबंद यंत्र सुचवलं. त्यात सगळंच आतून कायमचं चिकटवलेलं होतं आणि ते सर्वांत स्वस्त होतं. ठरावाप्रमाणे तेच आलं. साठ्यांचा सुटा प्रोसेसर तेव्हापासून पाणीकपातीच्या नोटिसांवर, त्या उडू नयेत म्हणून, ठेवला जाऊ लागला.

साठ्यांना त्याचं काही वाटलं नाही. नवा डबा चुटकीसरशी सुरू होत होता आणि हर्षद खूश होता. वसुधाताईंनी बॅग पलंगाखालून काढली, झटकली, पूर्ण भरली. नाशिकची दोन तिकिटं काढून झाली.

वार्षिक सभेत साठ्यांनी राजीनामा वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या रांगेत बसलेल्या वसुधाताई नऊ वर्षांत पहिल्यांदाच सभेत हसल्या. तेवढ्यात कर्णिक उठून उभे राहिले.

"माझा एक मुद्दा आहे," ते म्हणाले. "या नव्या यंत्रात काही बिघडलं तर काहीच बदलता येणार नाही. म्हणजे ते जपूनच वापरायला हवं. चुकीचा प्रोसेसर आणून आपल्या सेक्रेटरींना या विषयाची पुरेपूर माहिती झालेली आहे. नवीन माणसाने पुन्हा शिकायचं आणि पुन्हा चुकायचं कशाला? वॉरंटी तीन वर्षांची आहे. ती संपेपर्यंत सेक्रेटरी बदलू नये, असा ठराव मी मांडतो."

"अहो, पण हर्षद तयार आहे," साठे कसेबसे म्हणाले.

हर्षद मोबाइलमध्ये बघत होता. गेला महिनाभर तो साठ्यांच्या शेजारी बसून काम शिकत होता आणि सेक्रेटरीला दिवसाला किती माणसं येऊन ओरडतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"काका, वॉरंटी तुमच्याच नावावर आहे ना," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "ओटीपीपण तुमच्याच नंबरवर येतो."

ठरावाच्या बाजूने पहिला हात त्याचाच वर गेला. मग सगळेच हात वर झाले. साठ्यांना विरोध करायचा होता, पण त्यांच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्यात पेन. ठराव सर्वानुमते मंजूर, असं त्यांनी स्वतःच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं. आता मात्र टाळ्या वाजल्या.

घरी वसुधाताई भांडल्या नाहीत. त्याचीच साठ्यांना जास्त भीती वाटली. वसुधाताईंनी बॅग उघडली, त्यातले साठ्यांचे सदरे, माकडटोपी आणि दाढीचं सामान काढून पलंगावर नीट रचून ठेवलं आणि चेन लावली. बॅग एकदम हलकी झाली. साठ्यांना फार एकटं वाटलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालून वॉचमनने हाक मारली, टँकर आला होता.

"जा," वसुधाताई म्हणाल्या. "मी होते पुढे. तुमची वॉरंटी संपली की या."