रंग जाते का?

आमचे शेजारी नत्थूजी खिशात कायम ओला रुमाल ठेवत. कोणाच्या अंगावर नवं कापड दिसलं, की त्याचा कोपरा धरून रुमाल घासायचे आणि विचारायचे, “रंग जाते का?” उत्तराची वाट पाहत नसत. रुमालाकडे बघून निकाल स्वतःच द्यायचे. गांधीबागेच्या बाजारात कापड विकण्यात जन्म गेलेला. त्याला इलाज नव्हता.

माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचा फेटाच घासला. “पक्का हाये,” म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले. नवरदेवाला तो आमच्याकडचा रिवाज वाटला. बिचाऱ्याने वाकून नमस्कार केला.

त्यांच्या बायकोने, यमुनाकाकूंनी, रस्त्यावरून काळं पिल्लू उचलून आणलं, तेव्हाही आधी रुमाल फिरला. रंग उतरला नाही म्हणून पिल्लू राहिलं. नाव काळ्या. पुढे काकू वारल्या. नत्थूजी सांगायचे, “कुत्रं तिचं होतं. मी नुसतं सांभाळून राहिलो.”

एका उन्हाळ्यात मांजराने काळ्याच्या डोळ्यावर पंजा मारला. डोळा उघडेना, पाणी थांबेना. नत्थूजींनी त्याला मांडीवर घेऊन सायकलरिक्षा केली. सोबत मलाही कोंबलं. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात पिवळं औषध घातलं, मग पाण्याने धुतलं. सगळं वाहून गेलं, बुबुळावर हिरवा ठिपका तेवढा राहिला.

“जखम असते तिथेच रंग धरतो,” डॉक्टर म्हणाले. “खोल गेली तर डोळा जाईल. थेंब चुकवू नका, खाजवू देऊ नका.”

“हा तं पक्का हाये,” नत्थूजी हळूच म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कापडाच्या थानातला पुठ्ठा कापून काळ्याच्या गळ्याभोवती बांधला. ऐन लग्नसराईत दुकानाला कुलूप लावलं. गिऱ्हाइकं घरी आली, तर ओसरीतूनच सांगायचे, “दुसरीकडून घ्या गा. मी थेंब टाकून राहिलो.”

मी समजावलं, “नत्थूजी, एका डोळ्यानेही कुत्रं जगतं.”

“काहून बोलता गा असं, मास्तर? ती गेल्यापासून घरात माह्याकडे पाहणारं एवढंच हाये. त्यातलं अर्धं काहून सोडू?”

मी काळ्याचं डोकं धरलं. त्यांनी थेंब टाकला.

पुन्हा तपासणीला गेलो. पिवळं औषध घातलं, धुतलं. नत्थूजींनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

“मास्तर, तुम्हीच पाहा. रंग जाते का?”

या वेळी ते उत्तरासाठी थांबले.

“गेला,” मी म्हटलं. “सगळा गेला.”

त्यांनी खिशातून रुमाल काढून स्वतःचे डोळे पुसले. तो आधीच ओला होता, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग झाला नाही.