खालून वर

इंदूमावशीला कोणताही कागद खालून वर वाचून दाखवावा लागायचा. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं करत ‘प्रति’पर्यंत पोचायचं. तिला स्वतःला सहीपुरतीच अक्षरं येत. त्यामुळे हे काम ऑफिसात जो रिकामा दिसेल त्याच्या गळ्यात पडायचं, म्हणजे बहुधा माझ्या.

“गोम खालीच असती, भाऊ,” ती म्हणायची. “वरचं समदं गोडधोड.”

तिच्या रजेच्या अर्जाची सुरुवातही ‘आपली विश्वासू’पासून व्हायची. लग्नपत्रिका आली की सगळ्यात आधी ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ हे वाचायचं. “पोरांनी बोलावलंय म्हंजी जायलाच पायजे,” असं म्हणून ती नवरानवरीची नावं ऐकायच्या आधीच पत्रिका खिळ्याला अडकवायची.

जुन्नरच्या एसटी स्टँडमागे आमचं ऑफिस होतं. संस्था परदेशातली, पसारा जगभर, आणि इथे आम्ही सात माणसं वाड्यावस्त्यांवर आरोग्याचं काम करायचो. मावशीकडे औषधांची कोठी, चहा आणि झाडलोट. दोन हजार सालानंतर कधीतरी वरून फर्मान आलं की प्रत्येक ऑफिसात तक्रार समिती हवी, तीत बायका जास्त हव्यात, आणि एक जण अगदी खालच्या पदावरचा हवा. म्हणून पुण्याच्या एक डॉक्टर मॅडम, मावशी, आणि इंग्रजी येतं म्हणून मी, अशी समिती झाली. भिंतीवर लाकडी पेटी लागली. मावशी ती देवघरासारखी रोज पुसायची.

वर्षभरात पेटीत एकच चिठ्ठी पडली: चहात साखर कमी असते. मावशीने ती खालून वर ऐकली आणि तिथल्या तिथे निकाल दिला. “चौकशी केली. तक्रार खोटी हाय.”

मग सुनीताचा कागद आला.

सुनीता मढ गावची. आमची आरोग्यसेविका, बावीस वर्षांची, घरातली पहिली नोकरदार. वहीच्या फाडलेल्या पानावर तिने लिहिलं होतं: ‘कोठीत एकटी असले की साहेब लई लाडात येत्यात. मला काम सोडायचं नाही. घरी कळलं तर आण्णा मला परत पाठवणार नाहीत.’

साहेब म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख. महिनाअखेरीस सुनीताच्या कराराला मुदतवाढ मिळायची होती आणि त्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती. प्रमुखाविरुद्धची तक्रार त्याच दिवशी इंग्रजीत करून, निदान दोन सह्यांनिशी थेट दिल्लीच्या मुख्य ऑफिसला धाडायची, असा नियम होता. डॉक्टर मॅडम पुण्यात होत्या. राहिलो मावशी आणि मी. ऑफिसचं फॅक्स मशीन साहेबांच्याच खोलीत, म्हणजे स्टँडसमोरचं दुकान पाचला बंद व्हायच्या आत गाठायला हवं होतं. साहेबांच्या आणि आमच्या मध्ये प्लायवूडची भिंत. त्यांना कुणकुण लागली होती. त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला की मी कागद रजिस्टरखाली सरकवायचो.

मी घाईघाईने भाषांतर केलं आणि सही करायला मावशीपुढे ठेवलं.

“वाचा,” ती म्हणाली.

“मावशी, इंग्रजी आहे. साडेचार वाजलेत.”

“मराठीत सांगा. खालून.”

मी खालून सांगू लागलो. घरी कळलं तर परत पाठवणार नाहीत. काम सोडायचं नाही. आणि मग सगळ्यात वरची ओळ आली. “कोठीत एकटी असताना साहेब... फार प्रेमळपणे वागतात.”

मावशीने पेन खाली ठेवलं.

“कोन प्रेमळ?”

लाडाला शब्दकोशात ‘अफेक्शनेट’ हाच शब्द होता, हे खरं. पण तो सापडल्यावर मला हायसं वाटलं होतं, हेही खरं. माझ्या करारावरही साहेबांचीच सही होती. दिल्लीवाल्यांनी ते वाचून साहेबांचं कौतुकच केलं असतं.

“लाडात येनं म्हंजी काय, तुमाला ठावं न्हाई व्हय?” तिचा आवाज चढला नव्हता, तरी मला मान वर करवेना. तिने सुनीताला आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. “शब्द नको, पोरी. तो काय करतो तेवढंच सांग.”

सुनीताने सांगितलं. दार अडवतात. मनगट धरतात. नको म्हटलं तरी सोडत नाहीत. मी एकेक वाक्य लिहीत गेलो.

दार उघडलं. साहेब उंबऱ्यात उभे होते. “काय चाललंय, इंदूबाई?”

“वाचन चाललंय, साहेब,” मावशी जागची हलली नाही. “खालून निघालोय. वर पोचलो की कळवते.”

पाचला पाच मिनिटं असताना दोघांच्या सह्यांनिशी फॅक्स गेला. पुढे दिल्लीहून दोघी आल्या, तीन दिवस चौकशी झाली आणि साहेबांना जावं लागलं. सुनीताला मुदतवाढ मिळाली. ती मढच्या वस्त्यांवर पूर्वीसारखी फिरू लागली, आणि कोठीत एकटी जाऊ लागली.

त्यानंतर एका दुपारी मावशी कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसली. “लिवा. माझी तक्रार हाय.”

“कुणाविरुद्ध?”

तरुणपणी आंबेगावातल्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती. तिथल्या अधीक्षकाने कोठीत तिचा हात धरला. तिने तक्रार केली. कारकुनाने ती लिहिली, वरून छान वाचून दाखवली, तिने अंगठा दिला. शेवटची ओळ मात्र त्याने वाचलीच नव्हती. ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ काम गेलं, आणि नवऱ्याने घरात घेतलं नाही. त्यानंतर ती सही शिकली आणि आजवर एकटीच राहिली.

“तो माणूस आता...”

“मेला कवाच. माझं म्हननं तर ऱ्हाईलंय ना कागदावर यायचं?”

मी लिहिलं. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत. लिहून झाल्यावर सवयीने मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

मावशीने माझं बोट धरलं आणि कागदाच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवलं.

“हा सरळ वाचा, भाऊ.”