कोनी हाये का जी?

माझ्या वाढदिवसाचा केक कापगत्यांनी बुडवला. म्हणजे खरोखरच, पाण्यात. मेणबत्त्या पेटल्या, मंडळींनी टाळ्यांना हात उचलले, आणि या गृहस्थांनी ऑफिसच्या कोपऱ्यातला पाण्याचा जग आणून केकवर सगळाच्या सगळा उपडा केला. केक, टेबल, माझी नवी साडी, सगळं चिंब! "विझली जी," असं समाधानानं म्हणून ते आपल्या कामाला लागलेसुद्धा. कसबा पेठेत जन्म गेला माझा, नमुने काय कमी पाहिलेत? पण हा नग वेगळाच होता.

कापगते गोंदियाकडचे. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत आम्ही दोघं एकाच गाडीवर काम करत होतो. जंगलात वणवा लागला की माणूस जाऊ शकत नाही तिथं एकटी घुसून पाणी मारणारी ही गाडी. पोटात टाकी, चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे, आणि आत ड्रायव्हर नाही. आगीत कधी शिरायचं हे तिला कापगत्यांनी शिकवायचं आणि ती नीट शिकली का हे मी तपासायचं.

माणूस हुशार हो, पण तऱ्हा एकेक! कुठल्याही दाराशी आले की आत पाऊल टाकण्याआधी थांबणार आणि हाक मारणार, "कोनी हाये का जी?" मीटिंगची खोली, लिफ्ट, कँटीन. एकदा तर फायलींचं कपाट. अहो, कपाट! आणि हाक मारून उत्तराची वाट बघत उभे. कंपनीच्या बसच्या दारात हे उभे राहिले की मागची रांग खोळंबायची. "नाही, आम्ही सगळे वारलो, या आपण," असं मी एकदा आतून म्हटलं. अख्खी बस हसली. ते मात्र पांढरेफटक पडले. "असं बोलू नोका, मॅडम," म्हणाले आणि गुपचूप मागे जाऊन बसले.

हेच खूळ त्यांनी गाडीच्याही डोक्यात भरलं. आगीच्या कडेशी गाडी थांबणार, भोंग्यातून कापगत्यांच्याच आवाजात तीनदा "कोनी हाये का जी?" ओरडणार, आणि कुणाची ओ आली नाही तरच पुढे जाणार! साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

"कापगते, आग काय तुमच्यासाठी थांबणार आहे? परदेशातून गिऱ्हाईक येतंय. ही हाक काढा, नाहीतर प्रात्यक्षिक झालं की तुम्ही गोंदियाची गाडी पकडा."

"हो जी," कापगते म्हणाले. आदल्या दिवशी मी गाडी आवारात फिरवून पाहिली. मुकाट चालली. म्हटलं, सुटले बाई एकदाची.

ऑफिसमागचा एका शेतकऱ्याचा माळ आम्ही प्रात्यक्षिकासाठी भाड्यानं घेतला होता. माळावर कुणी नाही याची म्हणे खात्री केलेली. पाहुणे खुर्च्यांवर बसले, गवत पेटवलं, गाडी डौलात निघाली आणि आगीच्या तोंडाशी जाऊन ठप्प उभी राहिली. आदल्या दिवशी आवारात आग कुठली असायला? मी तपासलं होतं काय, कप्पाळ!

"कोनी हाये का जी?"

साहेब मंडईतल्या टोमॅटोसारखे लाल. "कापगते, घरी जा!" ते ओरडले. गाडीनं दुसरी हाक मारली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. कापगते खाली मान घालून उभे. तिसरी हाक गेली आणि धुरातून, झुडपामागून आवाज आला, "हाय की! उठतोय, उठतोय!"

पाठोपाठ माळाचे मालकच बाहेर आले. वय सत्तरीचं, एका हातात विजारीची नाडी, दुसऱ्यात टमरेल.

ती अवजड गाडी सरळ त्या झुडपावरून जाणार होती! सगळ्यांच्या आधी धावले ते कापगते. त्यांनी म्हाताऱ्याला टमरेलासकट मिठी मारून ओढत बाहेर आणलं आणि गदागदा हलवलं. "पयल्या हाकेले ओ काहून देल्ली नाही जी? काहून?"

"आवं, लाज वाटली की!" म्हातारा पुटपुटला.

साहेब एवढंच म्हणाले, "हाक राहू द्या." कापगते बांधावर जाऊन बसले होते. मी पाण्याचा पेला पुढे केला.

"आमच्याकडे मोहफुलं येचाले सोपं जावं म्हनून झाडाखालचा पाला जाळतेत, मॅडम. लहानपनी म्याच लावली आग. वारा सुटला, जंगल पेटलं. बाप मारन म्हनून मी कोरड्या नाल्यात लपलो. गावची सारीच पोरं मोहाले गेलती. बाप आगीत शिरून वरडत होता, कोनी हाये का जी? मले आयकू येत होतं. म्या ओ देल्ली नाही."

"मग?" मला राहवलं नाही.

"आला बाहीर. मारलं नाही त्यानं." त्यांनी पेला खाली ठेवला. "हात जळले होते, मॅडम. मंग जलमभर उचललेच नाही."



दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या दारात नेहमीची हाक आली. मागे रांग खोळंबली. पहिल्याच हाकेला मी जागेवरून उठून ओ दिली, "आहे हो, कापगते! सगळे आहोत. या."