आप्पासोंची शिकवणी

शाळेतल्या उमाबाई थेट अंगणातच येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आप्पासो पेपर तोंडापुढे धरून बसले होते. पेपर धरण्यात त्यांचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं.

"आप्पासो, तिसरीतली सात मुलं वाचताना फार अडखळतात. पुढच्या महिन्यात साहेब तपासणीला यायचेत. म्हणून एकेक मूल एकेका जाणत्या माणसाकडं रोज अर्धा तास वाचायला बसवतेय. तुमच्याकडं शिवांजली. नाही म्हणू नका!"

आप्पासोंनी पेपर आणखीच वर धरला. वीस वर्षं फौजेचा लंगर, म्हणजे स्वयंपाकघर, सांभाळलेल्या या गड्याला सहीपलीकडे एक अक्षर येत नव्हतं हो! पण पेन्शनीत येताना ते भरदार मिशा आणि जाड भिंगांचा चष्मा घेऊन आले, आणि कोरेगाव तालुक्यातल्या त्या वाडीनं परस्पर ठरवून टाकलं, की माणूस लय शिकलेला. आता खरं सांगायचं म्हणजे पंधरा वर्षांच्या अब्रूला काडी लावायची.

"धाडा की पोरीला," आप्पासो म्हणाले. आत त्यांच्या कारभारीण राहीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. घरातलं गुपित त्यांना एकट्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी शिवांजली पुस्तक घेऊन आली. दुसऱ्याच ओळीला गाडी अडली.

"आप्पा, ह्ये काय लिवलंय?"

"फौजेत आयतं कोण सांगत न्हाई. अक्षरं जोड."

तिनं कसंबसं जोडलं. बाजारात एक रेडकू हरवतं, असा काहीसा धडा होता. पोरगी अक्षराला अक्षर जोडत जायची, पण काय वाचलं ते तिचं तिला कळायचं नाही. आप्पासोंना तर त्याहून कळायचं नाही.

"आगं, रेडकू बाजारात गेलंच कसं? कुणी सोडलं?"

"म्हायीत न्हाई."

"मग परत वाच. सावकाश. आन् मला नीट सांग."

तिनं परत वाचलं आणि सांगितलं. तेवढ्यात अर्धा तास संपला. रेडकू बाजारातच राहिलं, आणि आप्पासोंच्या घशाखाली भाकरी उतरेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच ते फाटकापाशी हजर!

"गावलं का गं त्ये?"

"आवं, घरी तर चला!"

महिनाभर हेच चाललं. बाकीची जाणती माणसं पोरांच्या चुका काढत बसली. आप्पासोंना चुकाच दिसत नव्हत्या, म्हणून ते नुसतं "म्हंजे काय झालं?" विचारत राहिले. धड्यामागून धडे त्यांना गोष्टी म्हणून ऐकायचे होते, आणि त्या सांगता सांगता पोरीची जीभही सुटली आणि डोकंही.

तपासणीच्या दिवशी शिवांजलीनं नवाकोरा धडा खडाखडा वाचला, वर आपल्या शब्दांत सांगितला. साहेब खूश. शेरेबुकात त्यांनी पानभर लिहिलं आणि बुक आप्पासोंपुढं धरलं.

"आप्पासाहेब, गावाला तुमच्या तोंडानं ऐकू द्या."

एरवी कुणी काही वाचायला दिलं, की आप्पासोंचा चष्मा हटकून घरी राहिलेला असायचा. आज मेला नाकावरच होता! सगळी वाडी कान टवकारून बसलेली.

शिवांजली ताडकन उठली. "सायेब, आमचा नेम हाय. पोरांनी वाचायचं, आप्पांनी ऐकायचं!"

तिनं बुक ओढून घेतलं आणि शेरा वाचला. सवयीनं आप्पासो बोलून गेले, "म्हंजे काय झालं?"

"म्हंजे तुमी लय हुशार हाय!"

वाडी खो खो हसली. आप्पासोंनी देवाचे आणि पोरीचे मनोमन आभार मानले.

दुसऱ्या दिवशी शिवांजली आपल्या पुस्तकाबरोबर पहिलीचं पुस्तकही घेऊन आली. ते तिनं आप्पासोंच्या मांडीवर ठेवलं.

"धरा. रेघंवर बोट ठिवा."

"तुला... कुणी सांगितलं? हिनं?"

"कुणी न्हाई. पैल्या दिवशी मी कोकराला रेडकू वाचलं. तुमच्या दारात रेडकू हाय नव्हं, तेच तोंडात आलं. दुसऱ्या दिवशी मला चूक कळली, तुमाला कळलीच न्हाई. पर तुमी रेडकासाठी एवढा जीव टाकत हुता, मग सांगवंना."

आप्पासोंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा चढवला. बोट पहिल्या रेघेवर ठेवलं. मग हळूच विचारलं,

"आन् त्ये कोकरू... त्ये तरी खरंच गावलं का गं?"

शिवांजलीनं तिसरीचं पुस्तक पाठीमागं लपवलं.

"वाचायला शिका, मंग कळंल."