मनाच्या डॉक्टरचं स्थळ

मी आणि माझी बायको हिरा पडवीत मोडाचे वाल सोलत बसलो होतो, तेव्हा शेजारचा उस्मानभाई एका पायात जुनी आणि एका पायात नवी चप्पल घालून आला.

"नवी एकदम घरात घ्यायची नाय," म्हणाला. "जुनीबरोबर जुळतंय का बघतो. घाई नाय करायची वैनी, जन्माचा प्रश्न हाय."

हिरा एवढी हसली की वाल परातीबाहेर उडाले. "जाऊ दे, उरलेले उद्या सोलू," म्हणाली. पहाटे झोपेतच गेली.

उस्मानभाईने जन्मभर आंबेनळी घाटात ट्रक चालवला आणि येता-जाता लग्नं जुळवली. हिंदूंची, मुसलमानांची, येईल त्याची. खोड अशी लागली की बकरी घेताना आधी तिची आई दाखवा म्हणतो. मिक्सर घेताना दुकानदाराला म्हणाला, "आवाज चढा हाय हिचा. घरात खपेल ना?"

हिरा गेल्यावर मी बोलणं टाकलं. भात शिजवायचा आणि कुत्र्याला घालायचा. मुंबईची लेक फोनवर रडली. "बाबा, समुपदेशकाकडे जा, नाहीतर मी तुम्हाला इकडे घेऊन येते." मला घर सोडायचं नव्हतं आणि तो शब्द तर तोंडातच बसेना.

उस्मानभाईने सोपा केला. "मनाचा डॉक्टर. म्हंजे स्थळच बघायचं की रे. मी हाय ना!"

पहिलं स्थळ महाडात. काचेच्या खोलीत कोवळा पोरगा. उस्मानभाईने खुर्ची ओढली. "मूळ गाव कुठलं? घरात कोण कोण? लग्न?"

"अजून नाही झालं."

"मग बायको गेल्याचं ह्याला काय कळणार?" तो मला म्हणाला, त्या पोराच्याच देखत. तासाची फी ऐकल्यावर जिन्यात थांबला. "एवढा हुंडा? त्यापेक्षा तू गपच बरा."

दुसरं स्थळ मोबाइलवर, पुण्याची बाई. "आत्ता नेमकं काय वाटतंय तुम्हाला?" मी म्हटलं, "पाठ दुखते." तेवढ्यात रेंज गेली. मग दोनदा गेली. उस्मानभाईने फोन उलटा ठेवला. "बोलता बोलता नाहीशी होते. नांदायची कशी?"

तिसरी सरकारी दवाखान्यात गुरुवारी बसते. केसपेपरचे पैसे दिले की झालं. "वरंधची हाय, मामा पाचाडला. सगळी चौकशी केलीय," असं म्हणून त्याने मला आत ढकललं.

पोरीने विचारलं, "शेवटचं दोघांनी मिळून काय केलंत?"

"वाल सोलले."

"बिरड्याला? गरम पाण्यात टाकून?"

"मग काय कोरडे सोलणार?" मी खेकसलो.

ती हसली आणि मी बोलत सुटलो. अर्धे वाल राहिले तिथं आलो आणि रडलो. नातीएवढ्या पोरीसमोर. लाज नाय वाटली.

बाहेर उस्मानभाई इस्त्रीच्या शर्टात उभा. "पसंत?"

"पसंत."

पोरगी मागोमाग दारात आली. "तुम्ही यांचे कोण?"

"मी मधला," तो छाती काढून म्हणाला.

"बरं. आणि चाचा, तुमच्याशी कोण बोलतं?"

अख्ख्या तालुक्याला प्रश्न विचारणारा माणूस शर्टाची इस्त्री चाचपायला लागला. त्याची बायको, जुबेदाभाभी, जाऊन बारा वर्षं झाली. दोन्ही मुलगे कुवेतला.

"ह्याची हिरावैनी बोलायची," शेवटी म्हणाला. "हसायची. म्हणून रोज कायतरी सोंग करून जायचो. त्या दिवशी चपला मुद्दाम तशा घातल्या होत्या."

येताना बाजारातनं मोडाचे वाल घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल गरम पाण्यात टाकले, परात उचलली. एका पायात माझी चप्पल घातली, दुसऱ्या पायात हिराची. टाच बाहेर येत होती. तसाच लंगडत उस्मानभाईच्या पडवीत गेलो आणि म्हटलं, "बघ रे, जुळतंय का."