गिझरची मुदतवाढ

कऱ्हाडच्या खटावकरांच्या बाथरूममधला गिझर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाला. कुमुदिनीबाई सकाळी तोंड धूत असताना त्याने स्वतःच तसं कळवलं आणि त्या घडीपासून पाणी तापवणं बंद केलं.

कुमुदिनीबाईंना वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. बोअरच्या पाण्याने गिझरच्या पोटात क्षारांचे थर साचले होते, कॉइल बदलून झाली होती, थर्मोस्टॅट मनात येईल तेव्हा चालायचा, आणि टाकीच्या गळतीखाली लावलेली बादली त्या उठता-बसता ओतत होत्या. जातोय तर जाऊ दे बापडा, असं म्हणून त्यांनी नवा गिझर मागवला. घाई होतीच. लेक केतकी पुण्याला सासरीच बाळंत झाली होती आणि रविवारी बाळाला घेऊन माहेरी यायची होती. विहीणबाईंनी फोनवर साखरेच्या आवाजात बजावलं होतं, "बाळंतिणीला दोन्ही वेळा कडक पाणी लागतं हं. तुमच्याकडे सोय नसेल तर संकोच नको, राहू दे तिला इथेच." ते ऐकल्यापासून कुमुदिनीबाईंना धड झोप लागत नव्हती. लेकीचं पहिल्या बाळंतपणातलं माहेरपण गिझरपायी हुकलं तर विहीणबाई जन्मभर ऐकवतील, याची त्यांना खात्री होती.

प्लंबर बबन शिंगटे आला. त्याने पाना काढला, वर पाहिलं, आणि पाना परत पिशवीत टाकला.

"निरोप समारंभ झाला का, वहिनी?"

"कुणाचा?"

"ह्यांचा. शाल-नारळ दिल्याबिगर मला नट ढिला करता येत न्हाई. आन् ह्यांनी जागा सोडल्याबिगर त्यो हॉलमधला रुजू हुनार न्हाई."

हॉलमध्ये दिवाणावर खोक्यात बसलेल्या नव्या गिझरने दुजोरा दिला. पद रिक्त झाल्याखेरीज आपण पाण्याच्या थेंबालाही हात लावणार नाही, असं तो नम्रपणे म्हणाला.

"करा बाई काय करायचं ते!" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "पण उद्याच करा."

शनिवारी बाथरूमच्या दारात समारंभ झाला. बबनने स्टुलावर चढून गिझरला शाल पांघरली. भाषण दिगंबररावांकडे होतं. कुमुदिनीबाईंनी नवऱ्याला आधीच तंबी दिली होती, "दोन वाक्यं बोला. आभार आणि नमस्कार. बस." पण दिगंबररावांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. शिपायापासून साहेबापर्यंत जो निवृत्त होईल त्याला निरोप द्यायचं काम त्यांच्याकडे, आणि सगळ्यांना मिळून भाषण एकच. त्यांनी घसा खाकरला आणि ते सुरू केलं.

"यांची जागा कुणीही भरून काढू शकणार नाही. यांच्याशिवाय या वास्तूची कल्पनाच करवत नाही. आमचं चुकलं-माकलं असेल तर पोटात घालावं, पण आम्हाला सोडून जाऊ नये, अशी मी यांना हात जोडून विनंती करतो!"

आजवर हे भाषण कुणीच मनावर घेतलं नव्हतं. माणसं डोळे पुसत, नारळ पिशवीत टाकत आणि मुकाट घरी जात. गिझरला मात्र हरभऱ्याच्या झाडावरून उतरायची सवय नव्हती. सेफ्टी व्हॉल्व्हमधून त्याचे दोन थेंब जास्तीचे गळले.

"आपणा सर्वांच्या भावनांचा आदर राखून," तो म्हणाला, "मी मुदतवाढ स्वीकारतो."

बबनने टाळ्या वाजवल्या. कुमुदिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, ते नुसतं म्हणायचं असतं!"

"म्हणजे साहेबांना तसं वाटत नाही?" गिझरने विचारलं.

दिगंबरराव शालीकडे पाहू लागले. "समारंभात बोललेलं मागे कसं घेणार?" ते पुटपुटले.

"मग निदान पाणी तरी तापवा!"

"मुदतवाढ सल्लागार म्हणून आहे," गिझर म्हणाला. "प्रत्यक्ष तापवणं आता प्रकृतीला झेपणार नाही. मी मार्गदर्शन करीन."

हे ऐकून नव्या गिझरने दिवाणावरूनच सर्वांची रजा घेतली आणि तासाभरात तो तिसऱ्या मजल्यावर पोतनिसांकडे रुजूही झाला. दुसरा आणावा म्हटलं तर बबनने मान हलवली. "मुदतवाढ दिलेल्या घरात कोन बी येत न्हाई, वहिनी. त्यांच्यात लगेच कळतंय." शेजारून मागून आणलेल्या हीटर रॉडने बादलीत उतरायच्या आधीच सांगितलं, की आपण हंगामी आहोत, बाळंतिणीचं पाणी आपल्या अखत्यारीत येत नाही. कुमुदिनीबाईंनी कपाळाला हात लावला.

रविवारी केतकी आली. बाळ आजीच्या खांद्यावर मान टाकून झोपलं आणि कुमुदिनीबाईंना भरून आलं. त्यांनी बाळ पुन्हा लेकीच्या हातात दिलं, पदर खोचला आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं. लेकीला आणि बाळाला, सकाळी आणि संध्याकाळी, उकळत्या पाण्याचं पातेलं फडक्यात धरून त्या बाथरूमकडे नेऊ लागल्या. कंबर धरली. हातांना वाफेचे चटके बसले. विहीणबाईंचा फोन आला की त्या ठासून सांगत, "पाण्याची अगदी चंगळ आहे हो इथे!"

गिझर शाल पांघरून उंटावरून शेळ्या हाकत होता.

"गार पाण्याचं विसण अंमळ जास्त झालं," तो एका सकाळी म्हणाला.

कुमुदिनीबाईंनी पातेलं दणकन खाली ठेवलं. "मी मरतेय इथे ओझी वाहून, आणि तुम्ही विसण मोजताय? लाज नाही वाटत? ज्याचं काम त्याने करावं की नाही?"

"तेच सांगणार होतो," गिझर शांतपणे म्हणाला. "ज्या पदाचं काम जो न चुकता करतो, त्याला त्या पदावर कायम करतात. आपलं अभिनंदन."

"अभिनंदन गं!" हॉलमधून दिगंबरराव म्हणाले. सवयीने ते उठून उभेही राहिले होते.

कुमुदिनीबाईंनी भिंतीला टेकून श्वास घेतला. चिडायलाही आता अंगात त्राण उरलं नव्हतं.

"आणि मी निवृत्त कधी व्हायचं?"

गिझरने विचार केला. आतून थर्मोस्टॅटचा टक् असा आवाज आला.

"आपल्या पदाला तशी तरतूद दिसत नाही."

"आई, पाणी तापलं का गं?" आतल्या खोलीतून केतकीने विचारलं. बाळ रडायला लागलं होतं.

"तापलं, तापलं. घेऊन ये त्याला," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पातेलं बादलीत ओतलं.

वर गिझरने पाणी तापल्याचा दिवा लावला.